दोन कार्डांचं मशीन

मला ‘अंकल’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून मी काही विकत घेत नाही. त्या उन्हाळ्यात जयपूरच्या कॉम्प्युटर बाजारात मी दुकानामागून दुकान सोडलं ते याच कारणानं. नुसतं अंकल म्हणून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण पुढचं वाक्यही सगळ्यांचं एकच. “अंकल, घर के लिए चाहिए तो रेडिमेड डब्बा ले जाओ, आप कहाँ झंझट में पड़ते हो.” म्हणजे मी काउंटरवर हात टेकायच्या आधीच मला काय झेपेल ते यांनी ठरवलेलं. अरे, मी चौथी शिकलो हे खरं, पण सव्वीस वर्षं फौजेत गाड्या उघडल्या. जिथं सुटा भाग मिळत नाही तिथं भाग बनवून गाडी खाली आणली. मला झंझट काय ते तुम्ही सांगणार?

मला हवी होती दोन लॅन कार्डं. कशासाठी, ते आधी सांगतो.

माझी मुलगी आठ वर्षं सासरी काढून परत आली. का आली ते इथे लिहिणार नाही. साताऱ्याकडून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला, की पोरीला समजाव आणि परत पाठव, लोक बोलतात. मी म्हणालो, ती माझ्या घरात राहील आणि आपल्या पायावर उभी राहील, तुला बघायचं असलं तर जयपूरला येऊन बघ. फोन आपटला. तिची आई असती तर म्हणाली असती, आधी पोरीला विचारा तरी. ती नव्हती. मी बोलून बसलो होतो आणि आता ते खरं करून दाखवायचं होतं.

मुलगी इथल्याच कॉलेजात शिकलेली, इंग्रजी चांगलं. तिला शहरातल्या एका कंपनीकडून घरबसल्या काम मिळालं. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाले की त्याचा हाल बोलून रेकॉर्ड करतात. ते रेकॉर्डिंग सकाळी सहाला इंटरनेटवरून आमच्या शास्त्री नगरच्या दोन खोल्यांत यायचं. मुलगी कानाला हेडफोन लावून ते ऐकायची, टाइप करायची आणि दुपारी दोनच्या आत परत पाठवायची. कंपनीच्या अटी दोन. तिचा कॉम्प्युटर सरळ इंटरनेटला जोडायचा नाही, मधे फायरवॉल पाहिजे, कारण पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये. आणि दोनची वेळ चुकली तर ताकीद. दोन ताकिदी झाल्या की तिसऱ्या वेळेला काम काढून दुसऱ्या बाईला.

तो रेडिमेड डबा आधी आणलाच होता की आम्ही. प्लॅस्टिकचा, वजनाला साबणाच्या डबीएवढा. एप्रिल सरला तसा तो इतका तापायचा की वर हात ठेववत नसे, आणि दिवसातून चार-पाच वेळा बंद करून चालू करावा लागायचा. पहिली ताकीद आली ती त्याच्यामुळं. ज्यानं विकला तो म्हणाला, गर्मी है अंकल. जयपुरात उन्हाळ्यात गर्मी असते हे त्यानं मला सांगितलं.

पुण्याला माझा पुतण्या याच लाइनीत आहे. फोनवर त्यानं सांगितलं, “काका, एक जुना कॉम्प्युटर घ्या. त्यात दोन लॅन कार्डं टाका. एकात टेलिफोनच्या मोडेमची वायर, दुसऱ्यात ताईच्या कॉम्प्युटरची. मी सीडी पाठवतो, ती चढवली की तोच तुमचा फायरवॉल.” एवढं मला कळलं. युनिटच्या गेटावर बाहेरून येणारा थांबतो, पहारेकरी बघतो, मग आत सोडतो. एक कार्ड गेटाच्या बाहेरच्या अंगाला, एक आतल्या. मी म्हणालो, सीडी पाठव, बाकीचं माझ्यावर सोड.

जुना कॉम्प्युटर मी भंगारवाल्याकडून निवडला आणि तो निवडण्यात माझी काही चूक झाली नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. कुठल्याशा ऑफिसातून निघालेल्या वीसेक पेट्या अंगणात रचल्या होत्या. सगळ्यांच्या पाठी बघितल्या. ज्यांच्या स्क्रूंची डोकी घासलेली होती त्या बाजूला काढल्या, कारण त्या कुणी ना कुणी आधी उघडलेल्या. उरलेल्यांची झाकणं काढून आत नाक घातलं. जळका वास लपत नाही. मग मदरबोर्डवरचे ते उभे गोल डबे, कपॅसिटर, त्यांची डोकी सपाट आहेत का फुगलेली ते बोटानं चाचपलं. हे पुतण्यानं सांगितलेलं. शेवटी पॉवर सप्लाय हातात घेऊन तोलला. हलका असला की आत तांबं कमी, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. भंगारवाला म्हणाला, बाबूजी, लड़की देखने आए हो क्या. मी म्हणालो, मुलीसाठीच आलोय.

कार्डांसाठी मात्र बाजारात जाणं आलं. ज्या दुकानात मला अंकल म्हटलं नाही तिथला माणूस माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग लावून बसलेला. त्यानं दोन प्रकारची कार्डं समोर ठेवली. एक रिकामं रिकामं, मधे एकच चिप. दुसरं भरलेलं, जड. हे ज्यादा चालेल म्हणाला. मी जडवाली दोन घेतली.

मशीन मी दोन दिवसांत उभं केलं. सीडी चढवताना पडद्यावर इंग्रजी यायचं ते मुलगी वाचायची आणि मी सांगेन ते दाबायची. खरं म्हणजे ती वाचून स्वतःच दाबायची आणि मग मला सांगायची, पण मशीन मी उभं केलं. लाइन चालू झाली. दोन्ही कार्डांचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. मी भावाला फोन करणार होतो, केला नाही. म्हटलं, महिना जाऊ दे.

मशीन कुठं ठेवायचं यावर आमचं थोडं वाजलं. गाडी तापली की बोनेट उघडं ठेवायचं, हा माझा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. मी पेटीचं झाकण काढून माळ्यावर टाकलं आणि मशीन स्टुलावर ठेवलं, कूलरच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. खिडकीतला मोठा लोखंडी कूलर, मागे गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी. त्याच्यासमोर माणूस सुद्धा शाल मागतो. मुलगी म्हणाली, “आबा, झाकण लावा की. मतलब, आत काहीतरी पडेल.” मी म्हणालो, तू तुझं टायपिंग बघ.

आठ दिवस मशीन असं चाललं की मी शेजाऱ्यांना आणून दाखवलं. नवव्या दिवशी साडेअकराला लाइन गेली. मोडेमकडच्या कार्डाचा हिरवा दिवा विझलेला. मी मशीन बंद करून कार्ड ओढून काढलं, परत दाबून बसवलं, चालू केलं, दिवा लागला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी दोनदा. मी वही घातली. फौजेत गाडीची वही असते तशी: तारीख, वेळ, काय झालं, काय केलं. अक्षर माझं वाईट आहे पण वही पक्की होती. सकाळी क्वचित, दुपारी हमखास.

कार्ड खराब, मी म्हणालो. दुकानात गेलो, त्यानं दुसरं दिलं. ते आठ दिवस चाललं आणि मग तीच बोंब. तोवर मोडेम बदलून झाला, मोडेमपासूनची वायर बदलून झाली, टेलिफोनवाल्याला खांबावर चढवून झालं. तो खांबावरून म्हणाला, लाइन क्लियर है बाबा, आपके घर में ही कुछ है. मी त्याला खाली उतर म्हणालो, तर उतरेना. पुतण्याला रोज फोन. तो म्हणाला कार्ड दुसऱ्या खाचेत लावून बघा, कधी कधी दोन कार्डं एकाच खुणेवर उठतात आणि एकमेकांच्या आड येतात. खाच बदलली. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी दिवा विझला. त्या दिवशी रिपोर्ट दोन वाजून वीस मिनिटांनी गेले. दुसरी ताकीद आली. कंपनीतल्या बाईंनी मुलीला फोनवर शांतपणे सांगितलं की पुढच्या वेळी ताकीद येणार नाही.

मुलगी उठली. भांडी घासायला बसली. त्याचाच मला जास्त राग आला.

मी सायकल काढली आणि ते दुसरं कार्ड घेऊन दुकानात गेलो. भर दुपारी, दुकानात चार गिऱ्हाइकं. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, कार्ड उलटंपालटं करून बघितलं, नखानं कड खरवडली आणि म्हणाला, “बाबूजी, इसमें तो पानी गया है.”

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. घड्याळ घ्या, रेडिओ घ्या, गॅरंटीचा माल परत न्या, दुकानदार हेच म्हणतो: पाणी गेलंय. माझं मशीन वाळूच्या शहरात, घरात, स्टुलावर. पाणी कुठून जाईल? मी त्याला चोर म्हणालो. चार माणसांसमोर म्हणालो, आणि एकदाच नाही. फौजेत असतो तर काय केलं असतं तेही सांगितलं. तो उभा राहिला, कपाटातनं तिसरं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, ले जाइए, अब मत आइएगा. मी ते उचललं. तेव्हा वाटलं, घाबरला. वाटेत हसलो पण असेन.

तिसरं कार्ड बसवलं तेव्हा जून लागला होता. लू, तो भाजणारा वारा, चालायची, रस्ते दुपारी ओस. आठ दिवसांनी, सोमवारी, परत दिवा विझायला लागला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आमच्या भागात सकाळी दहाला वीज गेली ती तीनला आली. इन्व्हर्टरवर एक पंखा, मुलीचा कॉम्प्युटर, मोडेम आणि माझं मशीन एवढं चालायचं. आम्ही दोघं घामानं निथळत बसलो. मी वहीत लिहिलं: दिवसभर लाइन ठीक. एवढंच लिहिलं.

शुक्रवारी अकराला दिवा विझला.

चौदा रिपोर्ट राहिले होते. मी कार्ड काढून बसवलं, दिवा लागला, तीन मिनिटांत विझला. परत बसवलं, लागलाच नाही. साडेअकरा. पुतण्याचा फोन लागेना. मी मोडेमची वायर ओढून काढली आणि मुलीला म्हणालो, तुझ्या कॉम्प्युटरला सरळ लाव, पाठवून टाक, कुणाला कळतंय.

ती म्हणाली, “नाही लावणार.”

“काम जाईल.”

“गेलं तर वेळ चुकली म्हणून जाईल. खोटं केलं म्हणून नाही. लोकांचे आजार आहेत त्यात, आबा.”

मी वायर हातात धरून उभा. मग ती म्हणाली, आणि हे ती आधी एकदा हळू आवाजात बोलली होती, मी ऐकलं नव्हतं: “मंगळवारी लाइट नव्हती. मशीन चालू होतं, मोडेम चालू होता, दिवसभर एकदाही पडलं नाही. मंगळवारी फक्त एकच गोष्ट बंद होती.”

“काय?”

“कूलर.”

मी ओरडलो. खोटं कशाला लिहू, खूप ओरडलो. तू मला शिकवणार का, मशीन थंड ठेवतोय म्हणून चालतंय, कूलर नसता तर कधीच जळून गेलं असतं, इंजिनाला वारा लागतो हे तुझ्या बापानं तुझ्या जन्माआधीपासून बघितलंय. बरंच काही. तिच्या सासरचंसुद्धा काढलं, ते काढायला नको होतं.  माझं झाल्यावर ती भिंतीकडे गेली आणि कूलरचं बटण बंद केलं. परत येऊन खुर्चीवर बसली आणि हेडफोन लावून पुढचा रिपोर्ट टाइप करायला लागली. लाइन नसताना. जणू दोनच्या आत कुणीतरी ते न्यायला येणार होतं.

कूलरचा घरघराट बंद झाला की घर एकदम मोठं वाटतं. मी कार्ड उपटून उजेडात धरलं. खाचेत बसते ती सोनेरी कड. त्या सोनेरी दातांवर पांढुरका थर होता, एका टोकाला हिरवट. नखानं खरवडलं तर भुकटी पडली. दुकानदारानं खरवडलं होतं अगदी तसंच. मी ती भुकटी जिभेला लावली. खारट.

ती चव मला ओळखीची होती. आमच्याकडे बोअरिंगचं पाणी. दर मार्चमध्ये मी कूलरची टाकी स्क्रूड्रायव्हरनं खरवडतो, पांढरा खरपुडा निघतो, तळहाताएवढाले तुकडे. वीस वर्षं खरवडतोय. आणि तोच कूलर मी उघड्या मशीनवर सोडला होता. दिवसभर बारीक फवारा, अंगाला कळणार नाही असा, आणि मागे राहिलेलं मीठ, कूलर चालू असला की ओलं, बंद असला की कोरडं. कार्ड उपटून बसवलं की थर घासून निघायचा, म्हणून ते थोडा वेळ चालायचं. नवं कार्ड आठ दिवस कोरं, म्हणून ते आठ दिवस चालायचं. वहीत सगळं होतं. वाचायचं मी नव्हतं वाचलं.

बारा वाजून गेले होते. मुलीच्या टेबलावर पेन्सिल आणि खोडरबर. खोडरबर घेतला आणि दोन्ही कार्डांच्या कडा घासल्या, सोनं दिसेपर्यंत. खाचांत सुईनं कापूस फिरवला, तिच्या कपाटातलं स्पिरिट लावलं. माळ्यावरून झाकण काढलं, धूळ झटकली, स्टूल उचलून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. वायर पुरेना. मोडेमच उचलून तिकडे नेला. घामानं हात घसरत होते, एक स्क्रू हरवला, त्याला शिव्या दिल्या. मुलीनं मान वर केली नाही, पण टॉर्च उचलून माझ्या बाजूला धरला. डाव्या हातानं टॉर्च, उजव्या हातानं टायपिंग.

एक वाजायला आला तेव्हा दोन्ही दिवे लागले. मी झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले, म्हणजे तीन. खोलीत भट्टी झाली होती. दिवे विझले नाहीत. पावणेदोनला तिनं शेवटचा रिपोर्ट पाठवला आणि हेडफोन काढून ठेवला. कंपनीतल्या बाईंना काही कळलं नाही. काम राहिलं.

मी चुकलो असं मी तिला म्हणालो नाही. त्या दिवशी मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि भाकरी केल्या. वाईट झाल्या. तिनं खाल्ल्या. दुकानदाराकडेही मी गेलो नाही. तो माणूस बरोबर बोलला होता, त्यानं भिंगातून बघून सांगितलं होतं, आणि मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर चोर ठरवलं. पुढं दोन वर्षं त्या गल्लीतून सायकल नेली नाही, लांबचा फेरा घेतला. हे लिहितानाही मला राग येतो. त्याच्यावर नाही. पण कुणावर ते मला विचारू नका.

संध्याकाळी मुलीनं माझ्यासमोर चहा ठेवला आणि उभ्यानंच बोलली. तिनं हे दिवसभर जुळवून ठेवलं असणार, कारण मधे कुठं अडखळली नाही.

“आबा, मशीन तुम्ही बनवलंत. माझ्यासाठी बनवलंत, मला माहितेय. पण काम माझं आहे. गेलं असतं तर फोन मला आला असता, तुम्हाला नाही. आजपासून त्याला हात लावायचा असेल तर आधी मला विचारायचं.”

मी बशी खाली ठेवली. माझं घर, माझ्या हातानं निवडलेली पेटी, माझ्या हातानं आवळलेला एकेक स्क्रू. मी म्हणालो, आणि नाही विचारलं तर? ती म्हणाली, “तर मी त्याचं लॉगिन बदलीन. तुमच्या पुतण्यालाही सांगणार नाही.” त्या मशीनमध्ये शिरायचा रस्ता तिच्या हातात होता. मी तो कधी शिकलोच नव्हतो. इतके दिवस ती बसून दाबत होती आणि मी मागे उभा राहून हुकूम देत होतो.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आंधी आली, पिवळी, दारंखिडक्या लावूनही फरशीवर बोटभर थर. मशीनच्या जाळीवर धूळ दिसत होती. ती हेडफोन लावून टाइप करत होती. मी ब्रश घेऊन निघालो आणि स्टुलापासून दोन पावलांवर थांबलो. किती वेळ थांबलो कोण जाणे. ती काही मागे वळली नाही. शेवटी मीच पुढं जाऊन टेबलावर टकटक केली.

“जाळी पुसू का?”

तिनं एक कान मोकळा केला. “दोननंतर,” म्हणाली, आणि कान परत झाकला.

मी ब्रश घेऊन बाहेर येऊन बसलो. दोनची वाट बघत. रागानं माझे कान तापले होते, पण उठलो नाही.